पितामहांचे तारुण्य आणि पुस्तकाविना वाढणारी मुले

दादाभाई नौरोजी हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती शुभ्र दाढीची, पारशी पगडी घातलेली एक वृद्ध मूर्ती. राष्ट्राने त्यांना पितामह म्हटले आणि तेव्हापासून त्यांचे तारुण्य जणू इतिहासाच्या अडगळीत पडले. तीन वेळा राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद, ब्रिटिश पार्लमेंटमधील निवड आणि संपत्तीच्या अपहरणाचा सिद्धान्त, एवढ्या तीन गोष्टी शालेय विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. परंतु या साऱ्याच्या कितीतरी आधी, वयाची पंचविशीही ओलांडली नसताना, दादाभाई आणि त्यांचे काही सोबती मुंबईच्या गल्ल्यांतून दारोदार हिंडत होते. ते मते मागत नव्हते, वर्गणीही मागत नव्हते. ज्या मुलींच्या हाती कधी पुस्तक पडले नव्हते त्यांना अक्षरे शिकवू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. पुढच्या काळातील थोर अर्थशास्त्रज्ञाचा उगम या दारोदार फिरण्यात आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

माणेकबाईंचा मुलगा

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत झाला. घराणे पारशी धर्मोपदेशकांचे, पण परिस्थिती बेताची. दादाभाई अवघे चार वर्षांचे असताना वडील वारले आणि संसाराचा सारा भार माता माणेकबाई यांच्यावर पडला. त्या स्वतः लिहिणे-वाचणे शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. भावाच्या आधाराने आणि स्वतःच्या कष्टाने त्यांनी एकुलत्या एका मुलाला वाढवले. मुलाच्या भवितव्याची दिशा ठरली ती मात्र एका गावठी शाळेच्या मेहताजीमुळे. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने इंग्रजी शिक्षणाचा नवा प्रयोग मांडला होता. मुलाला तेथे पाठवावे, असा सल्ला या मेहताजीने दिला आणि माणेकबाईंनी तो मानला.

त्या काळी त्या शाळेत फी नव्हती. ही बाब वरकरणी किरकोळ वाटते, परंतु दादाभाईंच्या चरित्राचा सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. फी असती तर आपल्या आईला ती देणे शक्य झाले नसते आणि आपले शिक्षण तेथेच संपले असते, हे त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतः नमूद करून ठेवले आहे. मूल गरिबाच्या पोटी आले की श्रीमंताच्या, याचा विचार न करता त्याला झेपेल तेवढे सर्व शिक्षण मिळालेच पाहिजे, हे मत आपण याच अनुभवातून बांधले, असे ते सांगत. मोफत शिक्षणाचा पुरस्कार करणारे अनेक होऊन गेले. परंतु त्याच शिक्षणाचा लाभ घेऊन पुढे आलेल्या आणि ते कधीही न विसरलेल्या माणसाच्या पुरस्काराला वेगळे वजन असते.

शाळेतील एका प्रसंगाने त्यांच्या बुद्धीची जात लवकरच दिसून आली. तोंडी हिशेबांचे एक तयार पुस्तक वर्गातील एका मुलाने मुखोद्गत केले होते आणि त्या बळावर पहिले बक्षीस पटकावले होते. बक्षीस समारंभात मात्र कोणीतरी पुस्तकाबाहेरचे प्रश्न घातले. पाठांतर करणारा मुलगा अडखळला. दादाभाई पुढे आले आणि त्यांनी उत्तरे दिली. उपस्थितांपैकी एका गृहस्थाने त्यांना तेथल्या तेथे बक्षीस दिले. मिसेस पोस्टन्स या इंग्रज लेखिकेनेही त्यांचे कौतुक केले आणि पश्चिम हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात त्या प्रसंगाची नोंद केली. पुस्तक तोंडपाठ असणे आणि पुस्तकाने मन जागे होणे, यांतील अंतर त्या दिवशी त्या सभागृहात सर्वांना दिसले.

दादाभाईंचे मन जागे करणारी पुस्तके कोणती, याचीही माहिती उपलब्ध आहे. फिरदौसीचा शाहनामा त्यांनी गुजरातीतून वाचला. आयझॅक वॉट्स यांच्या मनाच्या विकासावरील ग्रंथाने त्यांच्या लेखनाला शिस्त लावली. एका शब्दाने भागत असेल तर दोन वापरायचे नाहीत, ही सवय त्यांना येथून लागली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे क्लार्कसन आणि तुरुंगसुधारणेसाठी झटणारे हॉवर्ड यांच्याविषयीच्या वाचनाने त्यांच्या मनात लोकसेवेचे बी पेरले. विधवा आईच्या घरात यांतील एकही ग्रंथ विकत आणण्याची ऐपत नव्हती. शाळा मोफत होती, शाळेच्या आसऱ्याने पुस्तके हाती येत होती, म्हणूनच हा मुलगा घडला.

ऋणाची जाणीव

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची गुणवत्ता इतकी चमकली की मुंबईचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी १८४५ मध्ये त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी विलायतेस पाठविण्याची सूचना केली. निम्मा खर्च स्वतः सोसण्याची त्यांची तयारी होती. उरलेला निम्मा पारशी समाजातील पुढाऱ्यांनी द्यावा, एवढीच अपेक्षा होती. तेथे गेल्यावर मुलगा धर्म बदलेल, या धास्तीने समाजधुरीणांनी कच खाल्ली आणि बेत फसला. दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेतच साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. १८५० नंतरच्या काही वर्षांत तेथेच गणित आणि सृष्टिविज्ञान या विषयांचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होते.

चांगली नोकरी, समाजात प्रतिष्ठा आणि पुढे वाढण्याची संधी, एवढे लाभल्यावर सामान्य माणूस स्वस्थ बसला असता. दादाभाईंच्या मनाला मात्र एक हिशेब सतावत होता. आपले शिक्षण मोफत झाले याचा अर्थ त्याचा खर्च कोणीच केला नाही, असा होत नाही. तो सार्वजनिक पैशातून झाला आणि तो पैसा अखेर गोरगरिबांच्या घामातून आलेला आहे. मग जे आपल्याला मिळाले ते त्यांचेच होते आणि ते त्यांना परत केले पाहिजे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जगात काहीही फुकट नसते, हे तत्त्व शिकवले जाते. दादाभाईंनी ते स्वतःला लागू केले. आपण कोणाचे देणे लागतो, हा प्रश्न त्यांनी विशीत स्वतःला विचारला. इंग्लंड हिंदुस्थानचे काय देणे लागते, हा प्रश्न त्यांनी पुढे साम्राज्याला विचारला. दोन्ही प्रश्न एकाच वहीतील आहेत.

ओसरीवरच्या शाळा

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था स्थापन केली. प्रा. पॅटन यांचे मार्गदर्शन तिला लाभले होते. आरंभी निबंधवाचन आणि चर्चा एवढाच तिचा व्याप होता. अशा मंडळांचे भवितव्य सहसा ठरलेले असते. उत्साहाने निबंध वाचले जातात, टाळ्या वाजतात आणि दोन-तीन वर्षांत मंडळ विझते. ही संस्था त्या वाटेने गेली नाही. चर्चा पुरे, आता काम करू, असे या तरुणांनी ठरविले आणि १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. पारशी मुलींसाठी गुजराती आणि हिंदू मुलींसाठी मराठी, अशा त्या शाळा होत्या.

शिक्षकांना देण्यास पैसे नव्हते. म्हणून शिक्षक हे तरुणच झाले. सकाळी सात ते दहा या वेळात ते मुलींना शिकवीत आणि त्यानंतर आपापल्या कामाला जात. पण मुली मिळणार कोठून, हा खरा प्रश्न होता. दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत. मुलीला बाहेर पाठवायचे नसेल तर तुमच्याच ओसरीवर बसून शिकवू, असे ते सांगत. काही घरांत होकार मिळाला. काही घरांतून जिन्यावरून खाली ढकलण्याची धमकी मिळाली. शिकलेली बाई घराला जुमानणार नाही, ही समजूत त्या काळी सर्व जातीधर्मांत सारखीच प्रबळ होती. या कामी दादाभाईंना सर्वांत मोठी साथ मिळाली ती निरक्षर माणेकबाईंची. जिने स्वतः कधी पुस्तक उघडले नव्हते, तिला पुस्तकाची किंमत शहरातील धनिकांहून अधिक कळली होती.

थोड्याच काळात कामा कुटुंबाने आर्थिक भार उचलला आणि मराठी शाळेला नाना शंकरशेट यांनी आपल्या जागेचा आसरा दिला. परंतु क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी तरुणांनी श्रम दिले, मग धनिकांनी पैसा दिला. पैसा मिळाल्यावर काम सुरू करू, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. याच सुमारास, १८४८ मध्ये, पुण्यात एकवीस वर्षांचे जोतीराव फुले आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली होती आणि त्यांच्या वाट्याला याहून कितीतरी अधिक छळ आला होता. मुंबईचे तरुण सुस्थित समाजात काम करीत होते, तर फुले दांपत्य शूद्रातिशूद्रांच्या दाराशी गेले होते. हा फरक लहान नाही. तरीही दोन्ही ठिकाणी पहिले पाऊल विशीतल्या माणसांनी उचलले, ही गोष्ट समान आहे.

द्यायला पुस्तक तर हवे

मुलीला अक्षरे आली, पण पुढे तिने वाचायचे काय? येथे या तरुणांना दुसरी अडचण भेडसावली. पुस्तक नसण्याची कारणे एकच नसतात. कोठे ते घेण्यास पैसा नसतो, कोठे ते वाचण्यास परवानगी नसते आणि कोठे आपल्या भाषेत वाचण्याजोगे पुस्तकच नसते. शाळांसाठी देशी भाषांत पुस्तके तयार करण्याचे काम मुंबई इलाख्यात १८२० नंतर सुरू झाले होते. परंतु क्रमिक पुस्तकांपलीकडे सामान्य वाचकाच्या हाती देण्यासारखे वाङ्मय फारच तुटपुंजे होते. म्हणून सोसायटीने गुजराती आणि मराठी अशा ज्ञानप्रसारक सभा काढल्या. तेथे लोकांच्या भाषेत शास्त्रीय आणि सामाजिक विषयांवर व्याख्याने होऊ लागली. मराठी शाखेचे नेतृत्व दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते आणि १८५० पासून मराठी ज्ञानप्रसारक हे मासिक निघू लागले. ज्यांच्यापाशी पुस्तक नाही त्यांना ते द्यायचे तर आधी ते लिहिले पाहिजे, छापले पाहिजे, ही गोष्ट या मंडळींनी ओळखली होती.

१८५१ मध्ये मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली. त्या धामधुमीत दादाभाईंनी रास्त गोफ्तार हे गुजराती पत्र सुरू केले. नावाचा अर्थच सत्यवक्ता. प्रारंभी ते विनामूल्य वाटले जाई. पदरमोड खुर्शेदजी कामा यांची होती आणि संपादनाचा मोबदला दादाभाई घेत नसत. वाचक गरीब असेल तर वाचनाची किंमत त्याच्याकडून न घेता दुसऱ्या कोणीतरी सोसली पाहिजे, हे सूत्र येथेही तेच होते.

दानाच्या मर्यादा

१८५५ मध्ये दादाभाई कामा कंपनीच्या व्यापारासाठी इंग्लंडला गेले. अफू आणि मद्य यांच्या व्यवहारातील नफा त्यांच्या सदसद्विवेकाला मानवला नाही, म्हणून ते त्या पेढीतून बाहेर पडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी काही वर्षे गुजरातीचे अध्यापनही केले. परंतु त्यांच्या विचाराला खरी कलाटणी मिळाली ती आकडेमोडीने. मुंबईच्या काही शाळा तरुणांच्या श्रमावर आणि धनिकांच्या देणगीवर चालू शकतात; पण एवढ्या मोठ्या देशातील कोट्यवधी मुलांचे काय? त्यांच्यासाठी सरकारी खजिना हवा आणि खजिना तर दर वर्षी परदेशी वाहून जात आहे. १८६७ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचलेल्या निबंधात आणि पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील लेखनात त्यांनी हा प्रवाह आकड्यांत मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये असल्याचा हिशेब त्यांनी केला आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढे खर्च करते तेवढेही स्वतंत्र रयतेच्या वाट्याला येत नाही, हे सरकारी कागदांवरूनच दाखवून दिले. १९०१ मध्ये हे सारे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

दादाभाईंनी विशीतले काम टाकून राजकारण धरले, असे जे समजले जाते ते बरोबर नाही. त्यांनी तेच काम मोठ्या प्रमाणावर करण्याचा मार्ग शोधला. १८८२ च्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करावे, हा आग्रह त्यांनी धरला. त्याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी, शेतकऱ्यांच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि शेतकऱ्यांची मुले मात्र कोरी राहतात, ही विसंगती निर्भीडपणे मांडली. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांच्या आधिक्याने दादाभाई पार्लमेंटमध्ये गेले. १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीनदा ते राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले आणि शेवटच्या खेपेस, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्यात त्यांनी स्वराज्याचा उच्चार केला. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. ३० जून १९१७ रोजी दादाभाईंनी मुंबईत देह ठेवला, तेव्हा मोफत शिक्षणाचे त्यांचे स्वप्न अपुरेच होते.

राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. ती कधीच उलटून गेली आणि शिक्षण हक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडावे लागले. हंटर आयोगापासून मोजले तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. शासनाची पावले किती संथ असतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. परंतु ती पावले पडली हेही खरे आणि ज्यांनी आधी स्वतः काम करून दाखविले त्यांच्या रेट्यामुळे पडली, हेही तितकेच खरे.

पोखर्णीसारख्या गावांचा प्रश्न

आज महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. ही लहान गोष्ट नव्हे. मग पुस्तकाविना मूल कोठे उरले, असा प्रश्न कोणी विचारील. परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारखे गाव घेतले तर उत्तर सापडते. परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, नृसिंहाच्या मंदिरासाठी ख्यात असलेले हे गाव. येथून पुढे गोदाकाठचे गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंची जन्मभूमी. दळणकांडण करणाऱ्या एका दासीची वाणी जेथे साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या ओठी टिकली, तेथल्या मुलांना शब्दांचे वेड नसेल, असे कोण म्हणेल? पण कोरडवाहू शेती आणि मजुरी यांवर ज्या घरांचे पोट आहे, त्या घरांत दप्तराबाहेरचे पुस्तक येणार कोठून? ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातील किती तरी कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. त्यांच्या मुलांची शाळाच सुटते, मग गोष्टीच्या पुस्तकाचे नाव कशाला? आठवीनंतर तर क्रमिक पुस्तकांचा खर्चही घरावरच येऊन पडतो.

शिवाय क्रमिक पुस्तक हे परीक्षेसाठी असते. ते वाचण्याची गोडी लावीलच असे नाही. एल्फिन्स्टनच्या सभागृहात अडखळलेल्या त्या मुलापाशी क्रमिक पुस्तक होतेच. ज्याला त्यापलीकडचे पुस्तक मिळते त्याचीच बुद्धी पुस्तकाबाहेरच्या प्रश्नाला उत्तर देते. नेमके हेच पुस्तक खेड्यातील मुलाला मिळत नाही आणि ते देण्याची जबाबदारी कोणत्याही एका खात्याच्या नावावर ठळकपणे लिहिलेली नाही.

हे काम महाविद्यालयातील तरुणांचे आहे. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर येथील महाविद्यालयांत शिकणारी बहुसंख्य मुले खेड्यांतूनच येतात. त्यांच्या घरी मागच्या वर्षांची पुस्तके पडून असतात, त्यांच्यातील अनेकांना वाचता येते पण वाचून दाखविण्याचे कधी सुचत नाही. वाढदिवसाच्या फलकावर होणारा खर्च वाचवून वर्षाकाठी पाच गोष्टींची पुस्तके आपल्या गावच्या शाळेत नेऊन देणे आणि रविवारी सकाळी दोन तास ती मुलांपुढे वाचणे, यात अशक्य असे काय आहे? मात्र पुस्तके देऊन, छायाचित्र काढून परत येणे म्हणजे दान नव्हे. दादाभाईंच्या मंडळींनी पुस्तकाबरोबर स्वतःला दिले होते. पुस्तक कपाटात कुलपात राहिले तर ते शाळेच्या दप्तरी जमा होते, मुलाच्या मनात नव्हे.

यावर असा आक्षेप निघेल की, तरुणांनी असे केले तर शासनाला पळवाट मिळेल. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्यांनी ओसरीवर बसून मुली शिकविल्या, त्यांनीच पुढे आयोगापुढे हक्क मागितला आणि त्यांच्या मागणीला वजन आले ते आधी केलेल्या कामामुळे. शासनाच्या ग्रंथालयांसाठी आणि शाळांच्या अनुदानासाठी भांडलेच पाहिजे. पण भांडण निकालात निघेपर्यंत आज सहावीत असलेली मुलगी तिची सहावी ओलांडून गेलेली असते. तिला थांबवून ठेवता येत नाही.

महाराष्ट्रातील प्रत्येक पदवीधराच्या शिक्षणावर समाजाने खर्च केला आहे आणि तो खर्च करणाऱ्यांत असे असंख्य आईबाप आहेत ज्यांच्या मुलांपर्यंत त्यातील एक पुस्तकही पोचलेले नाही. दादाभाईंनी हे देणे वयाच्या चोविसाव्या वर्षी ओळखले आणि फेडण्यास प्रारंभ केला. पितामहांच्या तसबिरीला दर वर्षी हार घालणाऱ्या संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचे हे तारुण्यही सांगावे. वृद्ध दादाभाईंना वंदन करणे सोपे आहे. तरुण दादाभाईंप्रमाणे कोणाच्या तरी दारात उभे राहणे अवघड आहे. पोखर्णीच्या आणि तिच्यासारख्या असंख्य गावांच्या मुलांना गरज आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.